तेवीस किलो आणि आई

मुलीच्या बाळंतपणासाठी आईने परदेशी जावे, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. मुलीला आठवा महिना सरत आला होता, तिथे ती आणि जावई असे दोघेच, आणि जावयाला चहाचे आधणसुद्धा विचारून ठेवावे लागे. तेव्हा ठरावाला विरोध होण्याचा प्रश्न नव्हता. मात्र ठराव मंजूर होताक्षणी आई हा विषय संपला आणि बॅग हा विषय सुरू झाला.

बॅगेचा कार्यभार वडिलांनी स्वतःकडे घेतला. ते एकतीस वर्षे सरकारी खात्यात भांडारपाल होते. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातला एक स्क्रू कधी कमी निघाला नाही. त्यातला एकही स्क्रू कुणाच्या उपयोगी पडला नाही हेही खरे, पण तपासणीच्या अर्जात तो रकानाच नव्हता.

विमान कंपनीने तेवीस किलोंची मर्यादा घातली होती. वडिलांनी आणलेली बॅग रिकामीच पावणेपाच किलो भरली.

आईने तीन वस्तू काढून खाटेवर ठेवल्या. एक स्वेटर, गुडघ्याचा पट्टा आणि जुन्या चादरीतून शिवलेले, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले दुपटे. दुपट्याची घडी घालताना ती स्वतःशीच गुणगुणत होती:

ओझं कशाला गं बाई, हात राहू दे रिकामा,
लेक मागते गं कूस, बॅग येईल का कामा.

"झालं माझं," ती म्हणाली.

"यादीशिवाय झालं कसं? काहीतरीच तुझं," वडील म्हणाले, आणि त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावणे पाठवले.

हे काका अकरा वर्षांपूर्वी अकरा दिवस परदेशी राहून आले होते. तेव्हापासून या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी अत्यावश्यक वस्तूंची यादीच आणली. तीत एकशे चौदा वस्तू होत्या.

"वहिनी, एक नंबरला पासपोर्ट," काका म्हणाले. "त्याच्या झेरॉक्स. झेरॉक्स हरवली तर झेरॉक्सच्या झेरॉक्स."

"आणि पासपोर्ट पर्समध्ये ठेवू ना?"

"पर्स पहिली चोरीला जाते, वहिनी. मूळ प्रत नेहमी तळाशी. सगळ्यात सुरक्षित."

वडिलांनी मान डोलावली. भांडारातही मौल्यवान वस्तू कुणाच्या हाताला लागणार नाही अशाच ठेवायची पद्धत होती.

मग यादी आपल्या पायांनी चालू लागली. बॅगेला कुलूप हवे. कुलपाला जादा किल्ली हवी. जादा किल्ली ठेवायला पाकीट हवे. पाकिटाला चेन आणि चेन अडकली तर पक्कड. पकडीने बोट चिमटले तर मलम. परत येताना वजन करण्यासाठी हुकाचा छोटा काटाही यादीत होता. पण तो बॅगेत ठेवला की बॅग तोलायला काही उरेना, म्हणून दुसरा काटा आणला. तो घरी राहिला तर परदेशात जादा काटा कुठून आणणार, म्हणून तोही बॅगेत गेला. शेवटी बॅग रोज सकाळी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे तोलायला नेऊ लागले. तो दरवेळी विचारी, "बॅगेसकट द्यायचंय का?"

एवढ्यात आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिच्या हातात पुडके होते.

"वहिनी, हे माझ्या जावेच्या भाचीला द्यायचं. तुमच्या लेकीपासून जवळच आहे ती, चार तासांवर."

"वन्सं, जागा नाही हो."

"अहो, याला काही वजनच नाही."

वडिलांनी रजिस्टरमध्ये 'वजन नसलेल्या वस्तू' असे नवे पान उघडले. आठवडाभरात त्या पानावर सोळा नोंदी झाल्या आणि त्यांचे वजन साडेसहा किलो भरले.

एकूण एकतीस. आठ किलो कमी करणे प्राप्त होते. वडील आणि काका समिती होऊन बसले. कागदपत्रे काढता येत नव्हती, ती कागदपत्रे होती. नातलगांच्या वस्तू काढता येत नव्हत्या, नातलग विचारतील. राहता राहिली आई, आणि ती विचारणारी नव्हती. स्वेटर 'तिथे उपलब्ध' म्हणून निघाला. पट्टा 'प्रवासात बसूनच असते' म्हणून निघाला. दुपट्यावर काकांनी हात ठेवला आणि म्हणाले, "भावना आहे, वहिनी. उपयोग नाही."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"बाबा, इथे सगळं मिळतं. आई तेवढी मिळत नाही."

"मिळत नाही तेच पाठवायला तर यादी केलीय, बाळा," वडील म्हणाले. "तू पाय वर घेऊन पड."

तरीही बॅग एकोणतीस किलोंच्या खाली येईना. मग काकांनी विमानतळावर जाऊन चौकशी केली आणि आनंदाची बातमी आणली. बॅग मालाच्या विभागातून एकटी पाठवली, तर चाळीस किलोंपर्यंत चालते. तिला व्हिसा लागत नाही, विमा लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागत नाही. फक्त चार दिवस आधी रवाना करायची.

"म्हणजे अकरा किलो अजून बसतील," वडील हळूच म्हणाले. संसारात इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर फारदा दिसला नव्हता.

"आणि वहिनी मागून मोकळ्या हातांनी," काका म्हणाले.

मोकळ्या हातांनी, हे ऐकून आईला बरे वाटले. पोरीला पोटाशी धरायला दोन्ही हात लागणार होते.

आत्याला कळवण्यात आले. अकरा किलो दुपारपर्यंत भरले. वडिलांनी एकशे चौदा वस्तूंवर खुणा केल्या, बॅगेला दोरी बांधून गाठीवर लाख ओतली आणि भांडारातून घरी आलेली पितळी मोहर उठवली. बॅग गेली. तिला निरोप द्यायला नऊ माणसे आली होती.

चार दिवसांनी आईला निरोप द्यायला विमानतळावर वडील एकटेच आले.

खिडकीमागच्या मुलीने हात पुढे केला. "पासपोर्ट, आजी."

आईने पिशवीतून झेरॉक्सची झेरॉक्स काढली.

"ही नाही. मूळ कुठे आहे?"

"बॅगेत."

"मग बॅग द्या."

"ती सुखरूप पोचली," वडील अभिमानाने म्हणाले. "आत्ताच निरोप आला."

 खिडकीमागच्या मुलीने रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.

बाळ शनिवारी आले, ठरल्यापेक्षा नऊ दिवस आधी. पासपोर्ट परतीच्या टपालात होता. लागतील तीन आठवडे, असे टपालवाल्यांनी सांगितले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मागे बाळाचे रडणे, कोवळ्या पानासारखे कापरे.

"आई, बॅग सगळी उपसली. यात तुझं काहीच नाही गं."

"मान सांभाळ आधी," आई म्हणाली. "कोपराच्या खोबणीत डोकं घे. हां. आता हल जराशी, पाण्यातल्या नावेसारखी." आणि फोन कानाशी धरून ती स्वतःच हलत राहिली, रिकाम्या हाताचा पाळणा करून.

वडिलांनी रजिस्टर काढले. एकशे चौदाच्या एकशे चौदा वस्तू पोचल्या होत्या. आई यादीत कुठेच नव्हती, त्यामुळे काही मागे राहिले असे कागदावर म्हणता येत नव्हते. त्यांनी खाली सही केली.

त्या आठवड्यात घरी पुष्कळ फोन आले. पोचली का, असे सगळ्यांनी आपुलकीने विचारले, आणि बॅग पोचली म्हटल्यावर समाधानाने फोन ठेवले. चाळीस जणांनी यादीची प्रत मागितली. काका आता ती छापून घेणार आहेत.

आपणही हा मजकूर बहुधा त्या यादीसाठीच वाचायला घेतला असेल. एकशे चौदांपैकी आठ-दहाच वस्तू इथे आल्या, उरलेल्या कोणत्या, ही चुटपुट आपल्या मनाला लागली असणार. मागणी केल्यास प्रत पाठवण्यात येईल.

बाळ मुलगा की मुलगी, हे मात्र अजून सांगितलेले नाही. आपण विचारलेलेही नाही.