कीर्तनात रडणारा बोका

या, जवळ सरका, चपला राहू द्या तिथंच. आमच्या बोक्याला भक्ती कशी लागली ते सांगतो. ऐकून घरी गेलात की आधी आपलं मांजर शोधाल.

कुरखेड्यात कुठेही कीर्तन असो, पुढच्या सतरंजीवर मी असतोच. आणि खरा भक्त ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत सांगत होतो.

गेल्या महिन्यात देवळात गुणवंतराव महाराजांचं कीर्तन रंगलं होतं. बाजूला बांधकामाची वाळू. तिच्यावर आमचा भुऱ्या पाठीची कमान करून बसला, आणि टाळ वाजले की असा आर्त ओरडे की माझेच डोळे भरून आले.

"महाराज, आमच्या बोक्याले नाद लागला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तो देवळाजवळच्या त्याच वाळूवर, आणि दुधालाही तोंड लावलं नाही. उपास धरला, असं मी जाहीर केलं. त्याला बुक्का लावला. तिघे जण तर त्याच्या पाया पडले.

शेजारच्या रुखमाबाई तेवढ्या नमस्कार सोडून वाळू चाचपत बसल्या. त्या तळ्यातली मासोळी विकतात, भुऱ्या त्यांचा रोजचा गिऱ्हाईक.

"भाऊ, हा सकाळपासून वीस खेपा बसला, पन वाळू कोरडीच हाय. कायची भक्ती? याले मुताले होऊन नाई राह्यलं. दवाखान्यात न्या."

भुऱ्याला टोपलीत घालून पळालो. काळजीने महाराजही मागोमाग आले.

"लघवी कधी केली होती यानं?" डॉक्टर करिष्माबाईंनी विचारलं.

"मॅडम, दोन दिवसांपासून समाधीत हाय."

त्यांनी हलकेच पोट दाबलं आणि माझा हात तिथे ठेवला. आत कच्च्या कवठासारखं टणक.

"मूत्राशय तुंबलंय. बोक्यांची नळी बारीक असते, अडली की जीव जातो. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर समाधीच बांधावी लागली असती."

रडणाऱ्या जिवाला मी बुक्का लावत होतो.

भूल दिली, बारीक नळी सरकवली, आणि धार थेट माझ्या धुतल्या उपरण्यावर आली. इतक्या आनंदाने मी कोणत्याच कीर्तनात भिजलो नव्हतो.

महाराज मात्र गंभीर. हळूच म्हणाले, "डॉक्टरबाई, माझ्या कीर्तनात आणखी चार-पाच जन असेच रडते. त्याहिलेबी एकदा पाहून घ्याल का?"

त्यात पहिलं नाव माझं होतं.

असो. भुऱ्या आता ठणठणीत आहे, कीर्तनाला फिरकतही नाही. तुम्ही मात्र पुढच्या कीर्तनात हात जोडाल तेव्हा कोरडी वाळू चाचपणाऱ्या रुखमाबाईंची एकवार आठवण काढा.