फळीपलीकडे, मुख्यालयमार्गे

दोन माणसांमधले अंतर जितके कमी, तितकी त्यांना जोडायला यंत्रणा मोठी लागते. हे सत्य पूर्वीच्या लोकांना ठाऊक नव्हते. ते एकमेकांशी नुसते बोलत आणि त्यांची कामे होऊन जात. कामे होऊन गेल्यामुळे त्यांची कुठे नोंद राहिली नाही, आणि त्या लोकांविषयी आज खात्रीलायक असे काहीच सांगता येत नाही.

वजनमापे तपासणी कार्यालयही बरीच वर्षे याच मागास अवस्थेत होते. दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची फळी. अलीकडे लिपिकबाई, दोन निरीक्षक आणि शिपाईमामा, पलीकडे साहेब. फळीला खांद्याच्या उंचीवर एक वहीएवढे भोक होते. (दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ते दरवर्षी असे, आणि दरवर्षी दुरुस्त होई.) त्यातून इकडून चहा आणि फायली जात, तिकडून सह्या आणि शिंका येत. लिपिकबाईंनी रजेचा अर्ज सरकवला की साहेब चहाचा घोट घेऊन सही करत आणि अर्ज रिकाम्या बशीवर बसून परत येई. इतका गलथान कारभार होता.

मग साहेब ‘संगणक नेटवर्कची ओळख व त्याचे मूलभूत प्रकार’ या विषयाचे प्रशिक्षण घेऊन आले. येताना एक पिशवी आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन आले. (पिशवीचा बंद दुसऱ्याच दिवशी तुटला.) त्यांनी सगळ्यांना उभे करून समजावले की, संगणकाला संगणक जोडणे म्हणजे नेटवर्क, आणि त्याचे प्रकार आकाराप्रमाणे पडतात. एका इमारतीत मावते ते लॅन. शहरभर पसरते ते मॅन. आणि शहरे, देश, समुद्र ओलांडून जाते ते वॅन.

“मग आपल्याला लॅन पुरे की, साहेब,” थोरले निरीक्षक म्हणाले. “दोनच तर खोल्या.”

“लॅन शाळेतसुद्धा असतं,” साहेब म्हणाले. “मी वर्ग एकचा अधिकारी आहे.”

वॅनचा प्रस्ताव गेला, आणि तो सर्वांत खर्चिक असल्यामुळे एकही शंका न निघता मंजूर झाला. आता लिपिकबाईंनी टेबलावरून पाठवलेली प्रत्येक गोष्ट आधी मुख्यालयात जाणार होती. मुख्यालय दुसऱ्या शहरात, रेल्वेने एका रात्रीच्या प्रवासावर. तिथे ती तपासली जाणार आणि परत येऊन फळीच्या पलीकडे उतरणार. काखेत कळसा नि गावाला वळसा या पद्धतीला आजवर लोक हसत आले. तिला अखेर तांत्रिक मान्यता मिळाली.

नेटवर्कच्या आकृतीचा प्रश्न उरला होता. त्यासाठी समिती बसली आणि तिने चारही आकृत्यांचा निःपक्षपाती विचार केला:

बस: एकाच तारेवर सगळे, तार तुटली की सगळे गप्प. (नामंजूर. साहेबांना गाडी आहे.)

वर्तुळ: प्रत्येकाने शेजाऱ्याकडे ढकलायचे, शेवटी पहिल्याच्याच गळ्यात. (नामंजूर. फायली आधीपासून अशाच फिरतात. यात नवे ते काय?)

जाळी: प्रत्येक जण प्रत्येकाशी थेट जोडलेला. (नामंजूर. याला शिस्तभंग म्हणतात.)

तारा, म्हणजे चांदणी: मध्ये एक, बाकीचे सगळे त्याला जोडलेले. (मंजूर. मध्ये कोण, यावर चर्चा झाली नाही.)

वायरमन आला. तार पलीकडे न्यायला त्याला भोक हवे होते, आणि ते तयारच होते. बोटाएवढी तार त्यातून गेली आणि उरलेले भोक त्याने सुरक्षेसाठी पक्के बुजवून टाकले. पलीकडच्या यंत्राला थंडावा लागतो म्हणून एसी बसला. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून साहेबांनी दाराला आतून कडी घातली. अशा रीतीने कार्यालय जोडले गेले.

पहिल्या तिमाहीचा अहवाल उत्साहवर्धक होता. संपर्क शंभर टक्के. आपसातले बोलणे ऐंशी टक्क्यांनी घटले. कागदाची मोठी बचत झाली, आणि प्रत्येक संदेश पुराव्यादाखल दोनदा छापावा लागत असला तरी ती बचत कागदोपत्री व्यवस्थित दाखवण्यात आली.

या प्रगतीत लिपिकबाईंची एक खाजगी अडचण मध्येच कडमडली. त्यांच्या आईचा उजवा डोळा पूर्वीच गेला होता आणि डाव्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता. आई मुलीला पावलांवरून ओळखायची, आणि ‘सगळं दिसतं गं मला’ असे भिंतीकडे तोंड करून सांगायची. सरकारी दवाखान्याने बऱ्याच खेट्यांनंतर गुरुवारची तारीख दिली होती. शुक्रवारी पट्टी सुटणार होती. सोबत जवळचे माणूस हवेच, आणि तारीख हुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. भाऊ परदेशात असे आणि कुटुंबाच्या ग्रुपवर रोज एक अंगठा पाठवी. (हेही वॅनच.) उरल्या लिपिकबाई. आईचा हाही डोळा गेला तर, या भीतीने त्या दवाखान्याची चिठ्ठी दिवसातून चारदा काढून तारीख वाचत.

सोमवारी त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. पडद्यावर ‘अर्ज पाठवण्यात आला आहे’ असे उमटले. मंगळवारी त्या फळीला तोंड लावून उभ्या राहिल्या.

“साहेब, माझा अर्ज आला का?”

“नाही आला,” फळी म्हणाली.

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हो गुरुवारी.”

“अरे वा! चांगलं झालं. जपा त्यांना.” फळीने पुढे खुलासा केला. “पण हे मला अजून माहीत नाही, बरं का. अर्ज आला की कळेल.”

बुधवारी मुख्यालयाचे उत्तर आले: ‘अर्जदार व मंजुरी अधिकारी यांच्यातील अंतर शून्य किलोमीटर आढळते. सदर अंतर वॅनसाठी अपुरे आहे. योग्य अंतर नमूद करून अर्ज पुन्हा सादर करावा.’

शिपाईमामांनी सरकारी शिक्क्याची मोजपट्टी आणून दोन टेबलांमधले अंतर मापले. ते कसेही धरले तरी किलोमीटर भरेना.

“मुख्यालयाला जाऊन-येऊन लावा,” मामा म्हणाले. “अर्ज खराच तेवढा फिरतोय. खोटं कुठंय त्यात?”

तसे लिहिल्यावर अर्ज लगेच ‘प्रक्रियेत’ गेला. खरे अंतर नाकारून खोटे वाटणारे अंतर विनातक्रार घेणारी ही यंत्रणा वजनमापे कार्यालयात बसवली आहे, याची नोंद घ्यावी. संध्याकाळी लिपिकबाईंनी वळसा घालून साहेबांचे दार ठोठावले. साहेबांनी ते थंडावा सांडणार नाही इतपत उघडले.

“मी काय दगड आहे का, बाई?” ते कळवळून म्हणाले. “माझी ना नाहीच. पण जा म्हणणारा मी कोण, आणि थांब म्हणणारा तरी कोण? मी नुसता मध्ये आहे. तुम्ही मोबाइलवर डोळा ठेवा. मंजुरी आली की तिथल्या तिथे ‘मान्य’ दाबायचं. उशीर झाला की अर्ज रद्द, आणि गैरहजेरी लागते.”

लिपिकबाई आईला घेऊन गेल्या. ऑपरेशन उत्तम झाले. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, आणि आईने डोळ्याची हळूच उघडझाप केली. तिला खिडकी दिसली. खिडकीचे गज दिसले, डॉक्टरांच्या कोटाचे बटण दिसले. मग कित्येक वर्षांनी तिने मुलीकडे पाहिले. मुलगी मोबाइलमध्ये वाकली होती, म्हणून आईला तिचा भांग दिसला.

“अगं,” आई म्हणाली, “एवढे केस कधी गं पिकले तुझे?”

“एक मिनिट हं, आई.”

आई थांबली. थांबायची तिला सवय होती.

“जरा वर बघ ना. तोंड बघू दे तुझं.”

“एक मिनिट, आई. आलंच.”

आणि खरोखरच आले. लिपिकबाईंनी वेळेत ‘मान्य’ दाबले आणि वर पाहिले, तेव्हा नर्सने थेंब घालून आईला डोळा मिटून पडायला लावले होते. रजा मात्र नियमित झाली, हे नमूद करण्यास आनंद होतो.

साहेबांची, मुख्यालयाची आणि लिपिकबाईंची वाचकांनी यथेच्छ टिंगल करावी; तिला कोणाची मंजुरी लागत नाही. फक्त एक किरकोळ बाब प्रलंबित आहे. आपण हे वाचत असताना आतल्या खोलीतून आपल्याला दोनदा हाक आली, आणि दोन्ही वेळा आपण ‘एक मिनिट’ म्हणालात. हाक पोचल्याची नोंद झाली आहे. अंतर शून्य किलोमीटर.