बापूकाकांचा जबडा

लिहायचं धाडस करतोय, माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. परीक्षेतल्या निबंधापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. पण शेजारच्या खोलीतले बापूकाका चपाती चावू लागले, की त्यांचा जबडा असा टक्क वाजतो की खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघतात. हे कुणीतरी लिहायलाच हवं.

काका इथे कन्नड मुलखात, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर टर्नर आहेत. कुठल्याही दुखण्याचं त्यांचं निदान एकच: "बेअरिंग गेलंय." माझ्या तापाचंही तेच. स्वतःच्या जबड्याला त्यांनी मशीनचं ऑइल चोळून पाहिलं. शेवटी, मी फिजिओथेरपी शिकतो तिथल्या ओपीडीत त्यांना नेलं.

तपासणाऱ्या मॅडम कन्नड, काका साताऱ्याचे, मी निपाणीकडचा, दोन्ही भाषा येणारा. म्हणून दुभाषा मी. मॅडमनी विचारलं, "बायी हेगिदे?" म्हणजे तोंड कसं आहे? काकांचं कन्नड स्वल्प, सरी आणि हेगिदे एवढ्यावरच थांबलेलं. त्यांनी ऐकलं, बाई कशी आहे?

"माहेरी गेलीय," काका खाली बघत म्हणाले.

मग सगळंच बाहेर आलं. चावताना कळ यायची. काकांना वाटलं, भाकरीच वातड. ही भाकरी आहे की ब्रेक लायनर, असं ते म्हणाले आणि काकू मिरजेला निघून गेल्या.

मी मॅडमना एवढंच सांगितलं, "सरी इल्ला." बरं नाही. ते दोन्हीकडून खरंच होतं.

मॅडमनी शिकवलेला, जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडायचा व्यायाम काका बसस्टॉपवरही करत. शेजारची माणसं सरकून उभी राहत. आवाज थांबला, दुखणं गेलं, तरी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओपीडीत हजर.

"आता कशाला येता?" मी विचारलं.

"या गावात तुझ्या काकूची चौकशी करणाऱ्या मॅडम एकट्याच आहेत रे."

त्यांची चूक दुरुस्त करायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या खेपेला ते म्हणाले, "मॅडमना सांग, दुखत माझं होतं आणि बोल तिला लावला."

"हे काकूंना सांगा की," मी म्हणालो.

त्यांनी फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. काकांनी आठवडाभर "बेअरिंग" हा शब्दसुद्धा काढला नाही.

रविवारी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, ताई गाडीत बसलीय. यशवंतपूर स्टेशनवर उतरवून घ्या."

काकांचं तोंड उघडलं, ते मिटेचना. जबडा अडकला की काय म्हणून घाबरून मी कानापुढच्या सांध्यावर बोटं ठेवली. सांधा जागेवर होता. बोटं मात्र ओली झाली.