नारोपंत मास्तरांचे सख्खे विषय

या गं पोरींनो, अशा जवळ या. दारात काय उभ्या राहता परक्यासारख्या! इतक्या दिवसांनी म्हातारीची आठवण झाली, आणि आल्या आल्या पहिली तक्रार काय, तर शाळेत विषय फार. मडमबाई भूगोल शिकवतात, शिवण शिकवतात, गणित शिकवतात, आणि वर शास्त्राचा तास. लाज वाटू द्या जरा. मी हे सगळे विषय भिंतीपलीकडून ऐकून शिकले, भाताची फोलं काढता काढता. पाटीसुद्धा भावाची, तीही तो खेळायला गेला की हाती यायची. बसा, तुम्हाला नारोपंत मास्तरांची गोष्ट सांगते.

हे मास्तर रिकाम्या बाकांना शिकवायचे. खरंच सांगते! ठाण्याला आमचं घर कोपरीच्या वाटेवर, आणि मिशनची शाळा आमच्या घराला लागून. मधे एकच भिंत. आमच्या स्वयंपाकघरात वर एक झरोका होता, तो थेट वर्गात उघडायचा. पहिला तास शास्त्राचा, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती धर्माचा. त्या तासाला वर्गात चिटपाखरू नसायचं. पण मास्तर उभे राहून खणखणीत आवाजात शिकवायचे, प्रश्न विचारायचे, उत्तराला वेळ द्यायचे आणि मग स्वतःच उत्तर देऊन स्वतःलाच "शाबास" म्हणायचे. एकदा तर मागच्या बाकाला "गप्प बसा रे" म्हणून दटावलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

मुलं कुठे असायची? सगळी तळ्याच्या काठी चिंचेखाली. त्यांच्या बापांनी ठरवूनच दिलेलं. मिशनची शाळा हवी होती, कारण इंग्रजी आलं की कचेरीत नाहीतर रेल्वेत चिकटता येई. गणितही हवं होतं. शास्त्र तेवढं नको. तेव्हा कल्याणकडे जाणारी सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली की शास्त्राचा तास संपला असं समजायचं आणि सगळ्यांनी एकदम पळत वर्गात शिरायचं. मास्तर रागवायचे नाहीत. धोतराचा सोगा सावरून म्हणायचे, "आलात? बसा, बसा. उशीर झाला तर झाला, आलात ना!"

दिसायला मास्तर म्हणजे उन्हात वाळत घातलेला सदरा. उंच, सडपातळ, खांदे पुढे आलेले. ख्रिस्ती झाले तेव्हा शेंडी काढलेली, पण हात सवयीनं डोक्याकडे जायचा आणि तिथे काही सापडलं नाही की कान खाजवून परत यायचा. कुणाच्या ओटीवर त्यांना बसायला सांगत नसत. तळ्यावर ते पाण्याला आले की बायका घागरी उचलून बाजूला होत. आमची आई तर त्यांचं नावच घेत नसे. "तो पलीकडचा" म्हणायची.

मग एके दिवशी मास्तरांना युक्ती सुचली.

मुलं गाडीची शिट्टी ऐकून आली, पाट्या काढल्या. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, गणित. आणि म्हणाले, "एका माणसापाशी पाच भाकरी आहेत. समोर पाच हजार माणसं जेवायला बसली आहेत. दर माणशी वाटा किती?" मुलांनी पटापट पाट्यांवर खडखडाट सुरू केला. झालं! शास्त्र गणितातून आत शिरलं. भूगोलाच्या तासाला नद्या आल्या, त्या त्यांच्या शास्त्रातल्या. एक तारू आलं, त्यात जगातली सगळी जनावरं भरायची होती, तर दाणागोटा किती खंडी लागेल ते काढा. मुलांना मजा यायला लागली. मास्तर टाळी वाजवून म्हणायचे, "सगळे विषय सख्खे भाऊ आहेत रे! एका ताटात जेवतात. उगीच आपण त्यांना वेगळं बसवतो."

माझा भाऊ बाळू त्या वर्गात. रात्री पानावर बसला की वडील विचारायचे, "आज काय शिकवलं?"

"त्रैराशिक आणि अपूर्णांक."

"उत्तम."

आई वाढता वाढता थांबली. तिला झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं. "विचारा त्याला, भाकरी कुणाच्या होत्या?"

बाळू खाली बघून म्हणाला, "येशूच्या."

आईनं पळी खाली ठेवली. "ऐकलंत? त्या मेल्यानं गणितसुद्धा बाटवलं!"

वडील कचेरीत कारकून, आकड्यांवर त्यांची फार श्रद्धा. म्हणाले, "अगं, गणित कसं बाटेल? उत्तर बरोबर आलं ना? आमटी वाढ."

आईनं आमटी वाढली, पण भांडं आपटून.

भूगोलात तर आणखी गंमत. मास्तर एकदा सांगत होते की त्या देशात एक समुद्र आहे, त्यात मीठ इतकं की मासा जगत नाही. कोपरीच्या मिठागरावरचा लखमा नावाचा दणकट मुलगा मागे बसायचा, एरवी पेंगायचा. तो ताडकन उभा राहिला. "मंग तं बेस हाय, मास्तर! तय आगर घालूया. येवरं मीठ फुकट जातंय!" मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. भिंतीपलीकडे मीही तोंडात परकराचा घोळ कोंबून हसले. आई हसली नाही, पण सुपानं पाखडायची थांबली होती.

असं वर्षभर चाललं. वर्ग भरलेला, पाट्या खडखडताहेत, मास्तरांचा आवाज टिपेला. मास्तर तरतरीत दिसायला लागले. शाळा सुटल्यावरही ते मुलांना सोडत नसत. "अरे, एकच उदाहरण राहिलं," म्हणून थांबवायचे. ते झालं की, "हे शेवटचं हं." मुलं दप्तर काखोटीला मारून दारात उभी, आणि मास्तर आपले फळ्यावर लिहिताहेत.

मग मुंबईहून मोठे पाद्रीसाहेब परीक्षा घ्यायला आले.

साहेबांचं मराठी पुस्तकी आणि ताठ. त्यांनी बाळूलाच उभं केलं. "मुला, पाच भाकरींची कथा तुला ठाऊक आहे काय?"

"होय साहेब."

"त्या कथेपासून तू कोणता बोध घेतलास?"

बाळू छाती काढून म्हणाला, "व्यवहारी अपूर्णांक, साहेब. दर माणशी हजारावा हिस्सा."

 साहेबांचं बोट मागे वळलं. "तू. त्या खाऱ्या समुद्राविषयी सांग."

लखमा म्हणाला, "आगर घालावा."

आई आणि मी झरोक्याखाली उभ्या. हसू यायला हवं होतं, पण वर्गातून कुणाच्याच हसण्याचा आवाज येईना, तेव्हा आमचंही जिरलं. साहेबांनी मुलांना घरी पाठवलं. मग म्हणाले, "नारोपंत, आपण या मुलांना भाकरीचा हिशेब शिकविला. भाकर दिली नाही."

"साहेब, मुलं येतात तरी. आधी येऊ तर देत."

"शास्त्राचा तास पहिलाच राहील. पण उद्यापासून तो सुरू झाला की दार बंद. जो त्या तासास बसणार नाही, त्यास इंग्रजी नाही, गणितही नाही."

"मग कुणी येणार नाही, साहेब."

"तर शाळा बंद होईल."

साहेब वाईट नव्हते हं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. पण मास्तरांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा इतका खाली गेला, की पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची शिट्टी झाली. मुलं पळत आली, तर दार बंद. थोडा वेळ ओट्यावर घुटमळली. एकानं दार वाजवलं. आतून मास्तर म्हणाले, "उद्या लवकर या रे बाबांनो." ते आवाज चढवून नव्हतं, गयावया होती. मुलं निघून गेली. घरोघर बैठकी झाल्या. आमच्या ओटीवरही झाली. तळ्यापलीकडे सरकारी शाळा होती, लांब पडायची, पण तिथे शास्त्र नव्हतं. आठवड्याच्या आत सगळी पोरं तिकडे गेली. लखमा तेवढा गेला नाही, त्याला बापानं मिठागरावरच घातलं.

आणि मास्तर पुन्हा रिकाम्या बाकांना शिकवायला लागले. फरक एवढाच, की आता शिट्टी झाली तरी कुणी येत नव्हतं. दिवसभर शास्त्र, गणित, भूगोल, सगळं एकट्यानं. महिनाअखेर शाळेला कुलूप लागणार असा मुंबईहून निरोप आला होता, पण त्यांनी एक तास चुकवला नाही.

एकदा दुपारी शेजारच्या ठमाकाकू आमच्याकडे वाती वळायला आल्या होत्या. त्यांचं माहेर कल्याणचं. म्हणाल्या, "आता हा जाणार कुठे गं? याचं घर आमच्याच आळीत. बाटला त्या वर्षी भावांनी घट फोडला याच्या नावानं. जिवंतपणी श्राद्ध केलं, तेराव्याचं जेवणसुद्धा घातलं."

आईनं विचारलं, "आई आहे त्याला?"

"आहे ना. त्या दिवशी वाढायला तीच होती."

 आई वात वळायची ती वळतच राहिली, नको इतकी बारीक झाली.

महिना संपत आला. ठमाकाकू नव्हत्या, वडील कचेरीत, बाळू शाळेत. आई तांदूळ निवडत होती. पलीकडे मास्तर एक गोष्ट सांगत होते, रिकाम्या वर्गाला. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा घर सोडून दूर गेला. त्याचे फार हाल झाले. शेवटी परत यायला निघाला आणि गावाच्या वेशीपाशी आला. तिथे मास्तर थांबले. त्यांनी एरवीसारखा प्रश्न विचारला नाही, स्वतःला शाबासही म्हटलं नाही. नुसतेच थांबले.

आई तांदळात बोटं घालून तशीच बसली होती. मग माझ्याकडे बघून, पण झरोक्याला ऐकू जाईल अशी, म्हणाली, "चिमे, विचार त्यांना. बापानं घरात घेतलं का त्याला?"

तेव्हा घरच्या बायका परक्या पुरुषाशी असंच मुलांच्या तोंडून बोलायच्या. पण मास्तरांशी ती तसंही कधी बोलली नव्हती. मी चौरंगावर चढून झरोक्यात तोंड घातलं. "मास्तर, आई विचारते, घेतलं का घरात?"

मास्तर बाकावर बसले होते, मुलं बसतात तिथे. दचकून उभे राहिले. सोगा सावरला. "चिमणाबाई, आईंना सांगा, घेतलं. बाप धावत आला सामोरा. गळ्यात पडला."

"आणि आई?" आई म्हणाली. "विचार त्यांना, त्याची आई कुठे होती?"

मी विचारलं.  मास्तरांचा हात डोक्याकडे गेला, कानाशी आला, खाली पडला.

"सांगा त्यांना, गोष्टीत आईचं काही आलेलं नाही."

"आलेलं नसलं म्हणून काय झालं!" आईचा आवाज एकदम चढला. "ती आत असेल चुलीपाशी. तिला कोण बाहेर येऊ देतंय? सांग त्यांना, ती आतून ऐकत असेल म्हणावं. पावलांवरून ओळखलं असेल तिनं."

मी सांगायला तोंड उघडलं, तर मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं.  आईनं माझा परकर ओढून मला खाली घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ऐकलंय त्यांनी."

पुढे शाळेला कुलूप लागलं आणि मास्तर कुठे घाटावर गेले म्हणतात. मला काही ठाऊक नाही, आणि आता विचारायला कुणी उरलंही नाही.

जा आता, दिवेलागणीच्या आत घरी पोचा. आणि बघा, आता तुमच्या डोंबिवलीलाही गाडी थांबते. लांब आहे ही सबब नको. लवकर या परत, अगदी लवकर या गं.