दहावा भोपळा

दुधी लावावा तर महांतप्पांनीच, असं खुद्द महांतप्पांचं मत होतं. तहसिलीतली कारकुनी संपवून ते ईट गावी घरी आले आणि माघात त्यांनी परसात दुधीचे चार वेल लावले. अख्ख्या निजामाच्या राज्यात असा दुधी दुसरीकडं दिसला तर मिशी उतरवीन, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. नुसतं ऐकवायचेच हो, द्यायचे काही नाहीत. शेजारच्या हमिदाबीनं एकदा कवळा दुधी मागितला तर म्हणाले, "नजर लागंल. आन् तिकडं बोट दाखवू नका, बोट दाखवलेला भोपळा कुजतो." त्या दिवसापासून गल्ली त्यांच्या परसाकडं बघेनाशी झाली.

चैत्रात वेलांनी त्यांना चांगलंच कोंडीत धरलं. बोटाएवढं असलेलं फळ आठ दिवसांत मांडीएवढं व्हायचं. पानाखाली हात घातला की थंडगार, लवदार असं काहीतरी हाताला लागायचं. काल इथं काही नव्हतं, अशी महांतप्पांची खात्री असायची. घरात दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, डाळीत दुधी, ताकात दुधी, आणि साल फेकायची नाही म्हणून सालीची चटणी. लेक शिवकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. तिला आता नुसत्या वासानंच उमासे यायचे. शेवटी बायको शांताक्का कमरेला पदर खोचून म्हणाली, "उद्या ह्या घरात भोपळा दिसला, तर म्या पोरीला घेऊन भावाकडं जाईन."

बाजार चार दिवसांवर. फेकायचं तर जीव होईना. उघड वाटावे तर आजवरची सगळी ऐट मातीत. महांतप्पांनी तोड काढली. पहाटे उठून नऊ भोपळे पोत्यात भरले. देवाचं नाव घेतल्याशिवाय घरातली चीज बाहेर द्यायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणून प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि गल्लीतल्या नऊ उंबऱ्यांवर एकेक भोपळा गुपचूप ठेवून आले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं त्यांना. त्या दिवशी अमावास्या होती, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

उजाडलं आणि हमिदाबीची किंकाळी ऐकू आली. मग पलीकडच्या दारातून दुसरी. मग सगळीकडं चिडीचूप. अमावास्येच्या सकाळी उंबऱ्यावर भोपळा, त्यावर राखेचे पट्टे. आता ह्याला काय म्हणतात हे लोकांना सांगावं लागतं का? कुणी हात लावेना, कुणी ओलांडेना. माणसं मागच्या दारानं बाहेर पडली. "बघा, तीनच बोटं उठल्यात," कुणीतरी हळूच म्हणालं. "चौथं न्हाईच त्याला." कुत्रीसुद्धा भोपळ्याला वळसा घालून जात होती. करणी करणारा सापडला की त्याचं तंगडं मोडायचं, असं चार बाप्यांनी तिथंच ठरवलं. महांतप्पा तिथंच उभे होते. "व्हय, मोडायलाच पायजे," असं म्हणून ते घरात गेले आणि हात धुऊन धुऊन लाल केले त्यांनी.

दुपारी शिवकांताच्या पोटात कळा सुरू झाल्या.

"गजराबाईला आणा," शांताक्का म्हणाली. "आडवं दिसतंय मला. तिच्याबिगर न्हाई जमायचं."

गावात सुईण एकच. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली. महांतप्पा अनवाणीच निघाले. भर बाराची वेळ. एरवी ह्या वेळी कुठं जातं घरघरायचं, कुठं मूल रडायचं. आज काही नाही. सगळी दारं बंद आणि प्रत्येक उंबऱ्यावर एक भोपळा, उन्हात घामेजल्यासारखा. आपलेच भोपळे, आपल्याच परसातले. तरी ते आपल्याकडं बघतायत असं महांतप्पांना वाटायला लागलं, आणि त्यांनी चालता चालता धोतराचा सोगा डोक्यावर घेतला.

गजराबाईचं घर ओढ्याकाठी, गल्लीपासून लांब. तिच्या उंबऱ्यावरही भोपळा होता.

महांतप्पा जागीच थिजले. पहाटे ते ओढ्याकडं फिरकलेच नव्हते. नऊ भोपळे, नऊ दारं. हा दहावा. आणि ह्याच्यावर राख नव्हती. आपण सुरू केलेलं दुसऱ्याच कुणीतरी पुढं नेलं की काय, असं त्यांच्या मनात आलं. इतका वेळ त्यांना लोकांचं भ्या होतं. आता त्यांना भोपळ्याचं वाटायला लागलं.

"आप्पा, तिथंच थांबा," गजराबाई आतूनच म्हणाली. "कशाला आला ते ठावं हाय मला. पर त्या गल्लीत म्या येणार न्हाई. ओल्या बाळंतिणीच्या घरात असलं काय शिरलं, तर दोन जीव जात्यात. माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते."

"पोर तडफडतीय, गजराबाई."

"करणाऱ्यानं म्होरं यावं, आपला उतारा उचलावा. मग येते."

तेवढ्यात मागून धापा टाकत हमिदाबी आली. भिंतीपलीकडून शिवकांताचं ओरडणं ऐकवेना म्हणून ती मागच्या दारानं निघाली होती. "गजराबाई, चला ना," ती म्हणाली. "लेकरू हाय ते."

महांतप्पांनी डोळे मिटले. तंगडं मोडलं तर मोडलं. "करणी न्हाई ती," ते म्हणाले. "भोपळे म्याच ठिवले. खायला. फुकट."

हमिदाबी त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुमी? अवो, कढीपत्त्याचं पान मागितलं तर झाड झोपलंय म्हणता तुमी."

"शपथ घेतो. समदे म्याच ठिवले."

"माझ्या दारातला बी?" गजराबाईनं विचारलं.

महांतप्पांनी त्या बिनराखेच्या दहाव्याकडं पाहिलं. "तुमच्या दारातला बी," ते म्हणाले, आणि त्यांनी तो उचलून उराशी धरला.

गजराबाई उठली, कात्री-दोरा घेतला, उंबरा ओलांडला आणि त्यांच्या पुढं चालायला लागली.

दिवेलागणीला नात झाली. पायाळू होती, पण गजराबाईच्या हातांनी तिला सुखरूप आणलं. आतून रडणं ऐकू आलं आणि महांतप्पा ओसरीवर फतकल मारून लहान पोरासारखे रडले. गजराबाई हात धुऊन त्यांच्याजवळ टेकली.

"आप्पा, एक सांगते, कुणाला बोलू नका. माझ्या दारातला भोपळा पहाटं तुमच्या परसातनं म्याच तोडला व्हता. मागून तुमी दिला नसता. दारात ठिवला न ठिवला तवर गल्लीत बोंब उठली, मग त्यो घरात कसा न्यावा आन् चोरी कशी कबूल करावी? आन् तुमी त्यो बी आपल्या अंगावर घेतला. तवाच वळखलं, ह्यो बाप पोरीसाठी समदंच खोटं बोलतोय. मग म्हणलं, काय व्हायचं ते व्हऊ दे, जायचं."

महांतप्पांनी तोंड उघडलं. नऊ भोपळे खरोखर त्यांचेच होते. आयुष्यात एकदाच फुकट काही दिलं होतं आणि ते कुणीच मानणार नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. पण गप्प बसवेना.

"कंचा तोडला, गजराबाई?"

"बांधावरला, मोठा. अंधारात कळलं न्हाई. लई निबर निघाला, नख सुदिक रुतंना त्यात."

"रुतंल कसं?" महांतप्पा कळवळून म्हणाले. "त्यो बियाला राखला व्हता."