आत्याचा बीपर

"थांब. छाती पुढे कर," मेंगिया आत्या दारातच आडवी उभी राहिली. बर्फाखालूनही माणसाचा ठाव कळवणारा, पट्ट्याने बांधलेला बीपर चालू असल्याशिवाय घरातल्या कुणी स्की पायात चढवायच्या नाहीत, हा तिचा कायदा. गावच्या क्लबात कोसळणाऱ्या हिमकड्यांपासून जीव कसा वाचवायचा हे तीच शिकवायची. "बर्फाखाली गेलीस तर हाच तुझा आवाज. आणि दुसरं कुणी गेलं तर आपला आवाज बंद करून 'शोध'वर टाकायचा. आधी कळ फिरव, मग रड."

"पाठ आहे गं, आत्या," लादिना म्हणाली. तिचा बाबा दुरी मात्र मान खाली घालून बूट आवळत होता. बहिणीसमोर तो नेहमी असाच असायचा.

तिघं खिंडीवरून परतताना दाट धुकं उतरलं. बाबा सगळ्यांत पुढे होता. मागून उतारावरच्या बर्फाचा एक तुकडा धप्पकन सुटला आणि लादिनाच्या पायाखालून घसरत खाली गेला. उडालेला भुगा बसला, तेव्हा बाबा दिसत नव्हता. दोघींनी हाका मारल्या. ताज्या बर्फाने त्या गिळून टाकल्या.

"शोधवर टाक," आत्या कडाडली. "मान खाली. घाई करू नकोस. अगं, हल की लवकर!"

लादिनाने कळ फिरवली. पडद्यावर तीस मीटर. वीस. बारा. तीन. ती गुडघ्यांवर पडली आणि फावडं चालवायला लागली. खाली गवत लागलं. पडदा आता नऊ म्हणत होता.

"आत्या, बाबा सरकतोय."

"गाडलेला माणूस सरकत नाही, कार्टे. नीट बघ," म्हणत आत्या पलीकडे धावली. चौदा. ती परत आली. पाच.

लादिना हळूच उठली आणि तिने बीपर आत्याच्या पोटाजवळ नेला. शून्य.

"आत्या, तू अजून पाठवतेयस."

"मी? मी क्लबात..." आत्याने जाकिटाची चेन ओढली. हिरवा दिवा सुखाने लुकलुकत होता. तिने कळ फिरवली.

आणि लादिनाचा पडदा रिकामा झाला. आकडा नाही, बाण नाही. म्हणजे इतका वेळ बाबाचा आवाज नव्हताच. आत्या पांढरीफटक पडली.

इतक्यात धुक्यातून, अगदी जवळून, कुणीतरी हंबरडा फोडला. "गेल्या गं माझ्या दोघी! आत्ता तर दहा दाखवत होतं!"

दोघी तिकडे धावल्या. बाबा बर्फात गुडघे टेकून बसला होता, टोपी गायब, हातात 'शोध'वर टाकलेला बीपर. तो कडेला निसटला होता आणि वरच्या दोघींनाच बर्फाने नेलं असं समजून त्यांना हुडकत वर आला होता.

त्याने लादिनाला इतकं घट्ट धरलं की तिचा श्वास अडकला. मग बहिणीकडे वळला. "ताई, तुझाच आवाज पकडून आलो गं इथवर. मध्येच का बंद केलास? जीव गेला ना माझा."

आत्याने चेन गळ्यापर्यंत लावली.

"मी तुझ्यासाठी चालूच ठेवला होता," ती म्हणाली. "तुझ्या पोरीनं बंद करायला लावला."