बिनगोंदाचं स्टूल

"आजपासून चालढकल बंद! कामाला बसणार आणि हातावेगळं केल्याशिवाय उठणार नाही!"

ही गर्जना केली निवांतने. कागदोपत्री नाव वेगळं; पण घरादाराने ठेवलेलं हेच, आणि मंडळी, अशी नावं देवच सुचवतो! डिझाईन शिकणारी ही पोर विचार करायला बसली की विचारालाच डुलकी लागायची. उद्या परीक्षण. पुठ्ठ्याचं स्टूल न्यायचं, माणूस बसला तरी न मोडणारं. नाही नेलं तर वर्ष बुडालं. आणि पुठ्ठ्यावर अजून साधा ओरखडाही नव्हता!

"बाबा, फोन घेऊन जा आणि बाहेरून कडी लावा. पोट दुखतं म्हणेन, आग लागली म्हणेन, उघडू नका!"

बाबांना गहिवरून आलं. "लेकीला उपरती झाली एकदाची!" आणि खट्कन कडी बसली.

निवांतने बाह्या सरसावल्या, पुठ्ठा कराकरा कापला, टेबलाकडे हात नेला... गोंद? गोंद स्वयंपाकघरात, फ्रीजच्या डोक्यावर!

"बाबा, गोंद द्या!"

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. "झाली सुरुवात!"

"अहो, खरंच हवाय!"

"आत्ता गोंद, मग पाणी, मग मावशीची आठवण! मन घट्ट कर बाळा!"

"आई, तू तरी ऐक!"

"माझी माया आडवी यायची," आई म्हणाली, "कानात कापूस घालते मी."

तेवढ्यात आत्या आली. "दादा, पोरीला कोंडलंस?"

"तिनेच सांगितलंय! आळस घालवायचाय."

"असं होय!" आत्याने दारावर थाप मारली. "रड बाई, भरपूर रड! आळस डोळ्यांवाटेच निघतो!"

निवांतने दार बडवलं, दातओठ खाल्ले आणि शेवटी पुठ्ठ्यालाच लाथ हाणली. एक तुकडा दुसऱ्याच्या फटीत असा रुतला, की उपसता उपसेना! ती बघतच राहिली. मग कटर घेऊन खाचा पाडत सुटली. आडव्यात उभा, उभ्यात आडवा. भूक विसरली, रुसवा विसरली. संध्याकाळी स्टूल तयार! कडी निघाली आणि आत्या त्यावर बसली. आत्या म्हणजे काही मोरपीस नव्हे. पण स्टूल हूं की चूं करेना!

दुसऱ्या दिवशी निवांत ताठ मानेने वर्गात शिरली. बघते तो ज्याच्या त्याच्या हातात दिवा! कुणाचा बांबूचा, कुणाचा तारेचा. 'आज वीज जाणार असेल,' तिला वाटलं.

सर स्टूलवर बसले. उठले. पुन्हा बसले.

"गोंदाचा थेंब नाही? अप्रतिम!"

निवांत लाजली.

"पण स्टूल पुढच्या सत्रात आहे. या सत्रात दिवा करायचा होता. पहिल्याच तासाला सांगितलं होतं. कुठे होतीस?"

"इथेच होते सर. म्हटलं, काय करायचंय ते नंतर विचारून घेऊ. शेवटी वर्षाच्या यादीत स्टूल दिसलं, तेच केलं."

सरांनी डोळे मिटले. "सोमवारी दिवा आण. नाही आणलास तर नापास!"

निवांत रडवेली होऊन घरी आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाबांचा चेहरा मात्र उजळला.

"अगं, रडतेस काय! तुझं काम सहा महिने आधी झालं, असं जन्मात कधी घडलं होतं का?"